हिरव्या पुठ्ठ्यातली राणी

श्रावणात विजयकरांच्या घरात लसूण येत नसे. आषाढी अमावास्येला मासळीच्या भुजण्याचं पातेलं घासून पालथं घातलं की गणपती होईपर्यंत मासळी, कांदा, लसूण सगळं बंद. म्हणून त्या श्रावणात एका सकाळी यशोदाताईंनी चादर काढायला सागवानी कपाट उघडलं आणि भस्सकन लसणाचा वास आला, तेव्हा त्यांनी आधी रखमाला हाक मारली.

"रखमा, लसूण कुठे ठेवलीस ग?"

"लसूण? ताई, श्रावणात माझ्या घरात पण नाय. तुमच्यात कशाला आणू?"

"मग हा वास कसला?"

रखमाने ओले हात पदराला पुसले आणि कपाटात डोकं घातलं. "येतो खरा," ती म्हणाली. "उंदीर मेला असल."

दोघींनी कपाट रिकामं केलं. चादरी, चांदीची पूजेची भांडी, जुने शालू, खालच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं ते जाडजूड हिरवं पुस्तक. उंदीर निघाला नाही. भिंत ओलीने फुगली होती, एवढंच. रखमाने कापराच्या वड्या ठेवल्या. चार दिवस वास दबला आणि पुन्हा आला.

ठाकुरद्वारच्या त्या चार मजली इमारतीत विजयकर कुटुंब पाच पिढ्या राहत होतं. आता दोघंच उरली होती, यशोदाताई आणि त्यांचे थोरले भाऊ मनमोहन, त्यांचा भाई. मनमोहन बँकेतून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा विक्रांत दादरला राहायला गेला होता. यशोदाताईंनी लग्न केलं नाही. लग्नाच्या वयात आईला अर्धांगवायू झाला आणि तिच्या अंथरुणाशी तेरा-चौदा वर्षं कशी गेली ते त्यांना कळलं नाही. आई गेली तेव्हा बघायला येणारी माणसं यायची थांबली होती. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. गिरगावातल्याच एका मुलींच्या शाळेत त्या भरतकाम शिकवायच्या आणि हात असा होता, की त्यांनी भरलेल्या रुमालाची उलटी बाजू कुठली ते मुलींना ओळखता येत नसे.

बहीणभावाचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. सकाळी मनमोहन चहा करत, यशोदाताई पेपर वाचून दाखवत. भांडण झालंच तर ते खिडकी उघडी ठेवावी की नाही यावर. रखमा लालबागहून सकाळी यायची, स्वयंपाक आणि वरकाम करून दुपारी त्याच जिन्यावरच्या आणखी दोन घरी जायची. तिचा नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, मग नवराही गेला आणि तेव्हापासून ती इथे होती. घराच्या किल्ल्यांचा एक जुडगा तिच्याकडे असे.

आता त्या पुस्तकाबद्दल. यशोदाताईंच्या पणजोबांनी ते फोर्टमधल्या एका लिलावात घेतलं होतं. विलायतेला परत निघालेल्या कुणा इंग्रज व्यापाऱ्याच्या घरातलं सामान होतं ते. राणी मटिल्डा नावाच्या कुठल्याशा जुन्या राणीचं चरित्र. पुठ्ठ्यावर हिरवं कापड, केळीच्या कोवळ्या पानासारखं. दीडशे वर्षं उलटून गेली तरी रंग उतरला नव्हता. त्यावर सोन्याचा मुकुट आणि वेलबुट्टी ठसवलेली. आत पंचवीसेक रंगीत चित्रं, प्रत्येकावर पातळ झिरमिरीत कागद. पंधरा वर्षांची राणी जहाजातून उतरते आहे, राज्याभिषेक होतो आहे, पोटच्या मुलाला पुरते आहे, शिकारीला निघाली आहे. लहानपणी यशोदाताईंना ते पुस्तक दिवाळीत एकदाच बघायला मिळायचं, तेही वडिलांच्या मांडीवर बसून. हात लावायचा नाही अशी ताकीद असे.

विक्रांतची मुलगी ऋग्वेदा. तिचं लग्न त्याच वर्षी चैत्रात ठरलं तेव्हा यशोदाताईंनी एकटीनेच निश्चय केला. राणीचं सगळं आयुष्य एका रेशमी शेल्यावर भरायचं आणि तो ऋग्वेदाच्या अंगावर घालायचा. लग्न मार्गशीर्षात होतं.

मग रोजचा परिपाठ ठरला. दुपारी मनमोहन आडवे झाले की त्या पुस्तक कपाटातून काढून खिडकीपाशी बसायच्या. पुस्तक मांडीवर, उघडं. डाव्या हाताने पुठ्ठा धरायचा, उजव्या हाताने टाका घालायचा. पुस्तक जुनं होतं. कापड कडांना झिजलं होतं आणि मांडीवरच्या पांढऱ्या साडीवर हिरवी पूड सांडायची. ती त्या ओल्या अंगठ्याने टिपून घ्यायच्या. सुईत रेशीम ओवायचं तर टोक आधी ओठांत धरून ओलं करायचं, ही शाळेपासूनची सवय. शेकडो मुलींना त्यांनी तसंच शिकवलं होतं.

जहाज झालं, राज्याभिषेक झाला. तोवर अन्न गोड लागेनासं झालं.

आधी पोटात दुखायचं. मग उलट्या. डॉक्टर कोठारे, खालच्या गल्लीतले त्यांचे जुने डॉक्टर, म्हणाले, पित्त आहे, जागरणं करू नका. रखमा यशोदाताईंपुरती वेगळी नाचणीची आंबील करू लागली. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. कोठाऱ्यांनी साखर तपासली, साखर नव्हती. तळहातांवर बारीक खडबडीत दाणे आले, मानेवर काळे-पांढरे ठिपके उमटले. सकाळी विंचरताना फणीत केसांचा पुंजका यायचा. त्या तो पटकन कागदात गुंडाळून टाकायच्या, भाईने बघू नये म्हणून.

गणपतीत त्या देवापुढे आरती म्हणता म्हणता खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. विक्रांतने परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सलाइन लावलं, सगळ्या तपासण्या झाल्या, ठळक काही सापडलं नाही. आणि तिथे त्यांना बरं वाटायला लागलं. भूक लागली. उलट्या थांबल्या. नर्सशी त्या साडीच्या किनारीबद्दल बोलायला लागल्या. दोन आठवड्यांनी घरी आल्या त्या हसतच आल्या.

घरी येऊन आठवडा झाला नाही, तोच पुन्हा तेच सगळं सुरू झालं.

या वेळी डॉक्टर कोठारे त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. मग म्हणाले, "यशोदाबाई, कुठलं भस्म वगैरे घेता का? वैद्याचं काही?"

"छे हो. तुमचीच औषधं."

त्यांनी लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी ते स्वतः जिना चढून आले, पण यशोदाताईंकडे न जाता मनमोहनना आणि विक्रांतला गॅलरीत घेऊन गेले.

"आर्सेनिक आहे," ते म्हणाले. "आपल्या जुन्या भाषेत सोमल. बरंच आहे."

"पाण्यातून?" मनमोहननी विचारलं.

"तेच पाणी तुम्ही पिता. तुमची तपासणी करू."

मनमोहनची तपासणी झाली. काही निघालं नाही. तेच पाणी, तेच तांदूळ, तीच भाजी. एकाच्या अंगात विष, दुसरा ठणठणीत. हॉस्पिटलात बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा. विक्रांत खुर्चीत पुढे सरकून बसला. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती, पण ती बोलला तो.

"आत्यासाठी वेगळं काय शिजतं या घरात?"

आतून आंबील ढवळल्याचा आवाज येत होता.

रखमाला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. तिला आधी काही समजेचना. मग समजलं तेव्हा ती मोठ्याने रडली नाही. पातेलं गॅसवरून उतरवलं, त्यातली वाटीभर आंबील काढून सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली आणि वाटी ओट्यावर ठेवली.

"माका काय गरज पडली?" ती म्हणाली. कधी नव्हे ते या घरात तिच्या तोंडून गावची बोली निघाली. "ताई, तुमी तरी सांगा ह्यांना."

यशोदाताई पलंगावर होत्या. त्यांनी रखमाकडे पाहिलं, मग विक्रांतकडे. त्या खूप थकल्या होत्या. "मला काही कळत नाही ग," एवढंच त्या म्हणाल्या. रखमाने किल्ल्या पलंगाच्या कडेवर ठेवल्या आणि ती गेली.

पोलिसांत जायचं नाही असं ठरलं. घराण्याचं नाव, लग्नाचं घर. पण विक्रांतला राहवलं नाही. दोन दिवसांनी तो लालबागला तिच्या चाळीत गेला आणि दारात उभा राहून त्याने तिला विचारलं, काय घालत होतीस, कुणी द्यायला सांगितलं? त्याचा आवाज चढला. गॅलरीतली दारं उघडली. रखमाचा मुलगा वैभव बाहेर आला, सून मेघना आतून ऐकत होती. हाणामारी व्हायची ती शेजाऱ्यांनी थांबवली. इकडे गिरगावातही बातमी जिन्यावरून वरखाली झाली. रखमाची बाकीची दोन घरंही सुटली.

रखमा गेली. यशोदाताईंना मात्र उतार पडला नाही.

आता मनमोहन स्वयंपाक करत. भात, मुगाचं वरण, कधी दुधीची भाजी. त्यांना यायचं तेवढं. यशोदाताईंना घरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं आणि लग्न जवळ येत होतं. त्या पलंगावर उशीला टेकून तासन्‌तास भरत बसायच्या. पुस्तक छातीशी. डोळा लागला तर तिथेच, गालाखाली. सकाळी उठल्यावर गालाला मुकुटाचा वळ उमटलेला असायचा.

राजवाड्यातल्या मेजवानीचं चित्र त्या भरत होत्या. राणीच्या ताटाशी एक म्हातारा सेवक गुडघे टेकून घास आधी स्वतः चाखतो आहे, असं चित्र. त्या सेवकाचा चेहरा त्यांना जमत नव्हता. उसवायच्या, पुन्हा भरायच्या. आणि उसवता उसवता एक विचार त्यांच्या मनात आला, तो एकदा आल्यावर गेला नाही. रखमा गेली. तरी विष येतंच आहे. मग घरात उरलं कोण?

इमारत पाडून नवी बांधायची बोलणी चालू होती. बिल्डरची माणसं येऊन गेली होती. जागेची भाडेपावती वडिलांनी आईची सेवा केली म्हणून यशोदाताईंच्या एकटीच्या नावे करून दिली होती, म्हणजे नव्या इमारतीतली जागाही त्यांचीच. भाईने त्यावरून कधी शब्द काढला नव्हता. कधीच काढला नव्हता, हेच आता त्यांना खुपायला लागलं.

एका सकाळी मनमोहननी चहा आणून दिला आणि ते दूध घ्यायला खाली गेले. पैसे विसरले म्हणून जिन्यावरून परत फिरले. यशोदाताई मोरीशी भिंतीला धरून उभ्या होत्या आणि कपातला चहा मोरीत ओतत होत्या.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मनमोहन आत आले. पैसे घेतले आणि दूध आणायला गेले. आले ते नेहमीसारखे, चपला जागेवर ठेवून.

दुपारी त्यांनी ताट आणलं. पलंगासमोर स्टूल ओढलं. आमटीत बुडवून भाताचा एक घास स्वतः खाल्ला. भाजीची एक फोड खाल्ली. ताकाच्या वाटीतून एक घोट घेतला. मग ताट बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

"जेव," ते म्हणाले.

त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला ते तसंच करू लागले. यशोदाताई मान खाली घालून जेवायच्या. त्यांना त्याची लाज वाटत होती आणि तरीही भाईने घोट घेतल्याशिवाय घास घशाखाली उतरत नव्हता. पेपर वाचून दाखवणं थांबलं. त्या घरात आता फक्त पंख्याचा आवाज असायचा.

"ते पुस्तक मिटव," एकदा मनमोहन म्हणाले. "त्यानं तुझं डोकं फिरवलंय. दे, मी कपाटात ठेवतो."

यशोदाताईंनी ते दोन्ही हातांनी कवटाळलं. "याला हात लावू नकोस."

ऋग्वेदा दर रविवारी यायची. त्या रविवारी तिने पाहिलं, पुस्तकाचा कणा निखळला होता, सतत उशाशी राहून कापड लोंबत होतं. आजी झोपलेली होती. मुलीने विचार केला, लग्नाआधी हे नीट बांधून आणून द्यावं, तिला बरं वाटेल. पुस्तक तिने पिशवीत घातलं आणि कुणालाही न सांगता नेलं.

यशोदाताई जाग्या झाल्या तेव्हा उशाशी पुस्तक नव्हतं.

त्यांनी पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं. मग बाहेरच्या खोलीत आल्या. आता त्यांना काठी लागत असे, तरी काठी न घेताच आल्या. मनमोहन खिडकीशी बसले होते.

"कुठे ठेवलंस?"

"काय?"

"पुस्तक. भाई, माझ्या जिवावर उठलास तेवढं पुरे नव्हतं?"

बोलणं तोंडातून निघालं आणि खोलीत तसंच राहिलं. मनमोहननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून त्यांनी शर्ट बदलला, औषधांची डबी खिशात टाकली. दाराशी थांबून म्हणाले, "शेजारच्या सुलूला सांगून जातो, ती तुला जेवण देईल." आणि ते दादरला मुलाकडे निघून गेले; का आलो ते त्यांनी तिथे कुणाला सांगितलं नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या यशोदाताई त्या घरात जन्मल्यापासून पहिल्यांदा एकट्या राहिल्या.

जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करणारे प्रफुल्ल सामंत नावाचे गृहस्थ दादरलाच होते. संग्रहालयांची कामं करायचे. सोमवारी ऋग्वेदाने टेबलावर पुस्तक ठेवलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"हे तुम्ही असंच उघड्या हातानं आणलंत?"

"हो. का?"

"आधी हात धुऊन या. साबणाने, नीट. मग बोलू."

ती हात धुऊन आली तोवर त्यांनी हातमोजे घातले होते आणि पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं होतं.

"हा हिरवा रंग सोमलापासून करायचे," ते म्हणाले. "त्या काळी तिकडे भिंतीच्या कागदाला, कपड्यांना, पुस्तकांना, सगळ्याला हाच लावायचे. सुंदर दिसतो ना? तपासून नक्की सांगतो, पण मला शंका वाटत नाही. कपाटात पडून असेल तर फारसं बिघडत नाही. ओल लागून बुरशी धरली तर मात्र हवेत उतरतं, लसणासारखा वास मारतं. घरात कुणी हे रोज हाताळत होतं का?"

ऋग्वेदाला आजीच्या ओठांत धरलेलं रेशमाचं टोक दिसलं. ती तिथल्याच स्टुलावर बसली.

ती तडक गिरगावात आली. यशोदाताई सुलूने ठेवलेल्या झाकलेल्या ताटाकडे बघत बसल्या होत्या. ताट तसंच होतं. ऋग्वेदाने त्यांचे दोन्ही हात नळाखाली धरले, नखं घासली आणि घासता घासता सगळं सांगितलं.

यशोदाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे कुणीच नाही?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, आजी. कुणीच काही घातलं नव्हतं."

ऋग्वेदाला वाटलं, आता आजी सुटल्यासारखी रडेल. त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा उलट राखेसारखा झाला. "भाईला फोन लाव," त्या म्हणाल्या.

मनमोहननी पुस्तकाची सगळी हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाले, "बरं झालं. आता औषध लागू पडेल."

"भाई, घरी कधी येतोस?"

"बघू."

ते राहायला आले नाहीत. भाऊबीजेला आले, ओवाळून घेतलं, जेवले, बहिणीच्या तब्येतीची चौकशी केली आणि अंधार पडायच्या आत निघाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर यशोदाताईंना काहीतरी म्हणता आलं असतं.

पुस्तक सामंतांकडेच एका बंद पेटीत राहिलं. अर्धवट शेलाही त्यांनी मागून घेतला, त्याच्या रेशमात ती पूड बसलेली असणार म्हणून. ऋग्वेदा बाजारातला शेला अंगावर घेऊन बोहल्यावर चढली. यशोदाताईंना उतार पडत गेला. अन्न पचू लागलं, केस पुन्हा आले. तळपाय मात्र बधिर राहिले. जमिनीवर पाय टेकला की तो टेकला आहे हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागे.

लग्न पार पडल्यावर त्यांनी विक्रांतला सांगितलं, "चल, रखमाकडे जाऊन येऊ."

"मी फोन करून सांगितलंय तिला, आत्या. गैरसमज झाला म्हटलं. परत कामावर येतेस का तेही विचारलं. नाही म्हणाली."

"तू ओरडलास ते फोनवरून नव्हे. दारात जाऊन."

विक्रांतला ऑफिसात काम होतं. यशोदाताई टॅक्सी करून एकट्या गेल्या.

रखमा लालबागला चाळीच्या खालीच मसाला कुटण्याच्या डंकावर कामाला होती. मिरच्या पाखडत होती. तोंडाला फडकं, पापण्यांवर लाल पूड. तिने यशोदाताईंना पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि त्यांच्या काठीकडे आणि पायांकडे बघितलं.

"तुमी बऱ्या झालात, ह्या बरा झाला," ती म्हणाली.

"रखमा, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"व्हय," रखमा म्हणाली. "बोलाक व्हया होता."

यशोदाताईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "परत ये," त्या म्हणाल्या. "घर तुझंच आहे."

"तुमच्याकडचा सोडा, ताई. माझ्या घरातला कसा निस्तरू?" रखमाने आवाज खाली आणला. "माझी सून नातीला माझ्या हातचा खाऊक देत नाय. बोलत नाय काय. नुसती देत नाय. मुलगा बघून न बघितल्यासारखा करता."

"मी सांगते तिला."

"सांगून काय होताला?"

पण यशोदाताई ऐकेनात. पायऱ्या उंच होत्या. रखमाने त्यांचा दंड धरला आणि एकेक पाऊल बघत बघत त्या वर गेल्या. मेघनाने खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकला. नीटनेटकी, बोलायला गोड मुलगी. यशोदाताईंनी मुद्दाम मोठ्या आवाजात, गॅलरीत ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. पुस्तक, रंग, डॉक्टर, तपासणी. रखमाचा काडीचा दोष नाही, दोष आमचा, असं त्या दोनदा म्हणाल्या. शेजारच्या दोघीतिघी दाराशी येऊन ऐकत होत्या. "पुस्तकात विष?" त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली. "मोठ्या घरची माणसं. मिटवतायत आता."

"मावशी, आम्ही आईंना कधी काय बोललोय का?" मेघना म्हणाली. "आमचा विश्वासच आहे. तुम्ही कशाला एवढ्या वर चढलात?"

तेवढ्यात शाळेतून श्रेया आली, सहा-सात वर्षांची. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "भूक लागली." रखमाने डबा उघडून कुरमुऱ्याचा लाडू काढला आणि पुढे केला. मुलीने हात वर उचलला, आईकडे पाहिलं आणि खाली घेतला.

"आधी हातपाय धू," मेघना म्हणाली. "मी देते." सासूच्या हातातला लाडू तिने अलगद घेतला आणि फळीवर ठेवून दिला. हे सगळं इतक्या सहज झालं, की पाहुणीच्या लक्षात येणार नाही असं तिला वाटलं असावं.

यशोदाताईंनी हात पुढे केला. "मला दे ग तो."

मेघना क्षणभर थांबली. मग तिने लाडू दिला. यशोदाताईंनी तो सगळ्यांसमोर खाल्ला. गुळाचा कडक लाडू होता आणि दात कच्चे होते, त्यामुळे वेळ लागला. श्रेया समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. शेवटचा घास गिळून त्यांनी पदराने ओठ पुसले, तेव्हा तिने आईचा गाऊन ओढला.

"आई," तिने विचारलं, "आता या आजींना काय होणार?"

मेघनाने तिला आत ओढून घेतलं. रखमा दारात उभी होती. तिने तोंडावरचं फडकं पुन्हा वर चढवलं आणि खाली गिऱ्हाईक थांबलं आहे असं सांगून ती जिना उतरू लागली.